वेळेवर येणारा धनेश

गळ्यात अडकवायची, दोन डोळ्यांची दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. मी ती नव्हे. मी तिपाईवर उभी राहणारी, लांब नळीची, एकाच डोळ्याची जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. माझा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे आणि तिपाईच्या एका पायाचा स्क्रू मूळचा नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. माझा स्वभाव संशयी आहे. तुमच्यापैकी कोणी बोटे चाटत खाऊ खाऊन आले असेल, तर त्याने जरा लांब बसूनच ऐकावे.

हा संशय मला जन्मापासून चिकटला. मी ज्या कारखान्यात तयार झाले तिथे भिंगे तपासायला एक बाई बसत. प्रत्येक भिंग त्या उजेडासमोर धरत, डोळे बारीक करत आणि स्वतःशीच म्हणत, "दिसतंय तर स्वच्छ. पण आहे का?" मग पुन्हा पुसत, पुन्हा धरत. शेजारच्या टेबलावरच्या मुली त्यांना हसत. पण त्यांच्या हातून गेलेले भिंग कधी परत येत नसे. माझे पुढचे मोठे भिंग त्यांनीच पास केले आणि माझ्यात त्यांचा तो प्रश्न कायमचा उतरला.

पुढे मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात बरेच दिवस उभी होते. रस्त्यापलीकडे केस कापायचे दुकान होते. केस कापून झाले की न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आरसा धरायचा. डोक्यावर टक्कल असेल तर आरसा जरासा खाली धरायचा, म्हणजे मानेवरची सफाई दिसावी आणि वरचे मोकळे मैदान दिसू नये. गिऱ्हाईक खूश होऊन जायचे. कुणाला काय दाखवायचे आणि काय नाही, हे हातातल्या आरशावर ठरते, हे मी तिथे शिकले.

मग मला एका लॉजच्या मालकीणबाईंनी विकत घेतले आणि मी जंगलात आले.

हे जंगल म्हणजे सदा ओले. रोज पाऊस नाहीतर धुके. दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, साबणाचा लगदा होतो, पुस्तके फुगतात. नदीच्या वळणावर खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या, मध्ये जेवणाची मोठी खोली आणि तिला लागून व्हरांडा, एवढे आमचे लॉज. माझ्यासाठी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून एक कपाट होते. त्यात दिवसभर एक बल्ब जळत असे. त्या उबेमुळे भिंगांवर बुरशी धरत नसे. काम झाले की मला त्या कपाटात ठेवत आणि मी फटीतून स्वयंपाकघरावर नजर ठेवत असे.

पाहुणे लांबून लांबून येत. येताना त्यांच्या मनात वाघ, अजगर आणि झाडाझाडांवर लटकणारी माकडे असत. आल्यावर आधी भेटायची जळू. मग मुंग्यांची रांग. मग पानांमागे पाने आणि त्यांच्यामागे आणखी पाने. नशीब चांगले असेल तर एखादी उडती खार अंगाची चादर करून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायची. बोटाच्या पेराएवढा लाल बेडूक दिसायचा. नदीच्या काठावर पाणमांजरांचे कुटुंब मासे खात बसायचे. आणि नशीब नसेल तर काहीच नाही. "एवढ्या लांबून आलो ते पानं बघायला का?" असे म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यापैकी कोणी एक पानही नीट पाहिलेले नसायचे.

मी सगळ्यांवर संशय घेत असे. काजळ घातलेल्या डोळ्यांवर, घामेजल्या पापण्यांवर, "मी फक्त जरा फिरवून बघतो" म्हणणाऱ्या हातांवर. माझा विश्वास होता एका माणसावर. तो म्हणजे आमचा वाटाड्या. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण पक्षी डोळ्यांना दिसण्याआधी त्याच्या कानांना दिसे. तो थांबे, मान वाकडी करी, मला खांद्यावरून उतरवी आणि एका झटक्यात बरोबर त्या फांदीवर रोखून माझी कळ घट्ट करी. मग पाहुण्यांना म्हणे, "हात मागे, डोळा पुढे." मोठमोठे साहेब आणि त्यांच्या बायका शाळेतल्या मुलांसारखे हात पाठीमागे बांधून माझ्यापुढे वाकत. मला तो नियम फार आवडे.

कानसेन मला पिवळ्या मऊ कापडाने पुसत असे. ते कापड त्याच्या बायकोने जुन्या दुपट्ट्याचे दोन तुकडे करून, दोन्हींच्या कडा लाल दोऱ्याने शिवून दिले होते. दुसऱ्या कुणाच्या हाती तो ते देत नसे. लॉजचा आचारी हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो एकदा तापलेले भांडे उतरवायला ते कापड उचलायला गेला, तर कानसेनने त्याचा हातच धरला. आचाऱ्यावर मी संशय घेऊ लागले ते तेव्हापासून.

मग नदीच्या पलीकडच्या काठावर दुसरे लॉज उघडले. त्यांच्या पाटीवर लिहिले होते, 'वन्यप्राणी हमखास दिसतील'. आमचे पाहुणे ती पाटी वाचत आणि जेवताना आपसांत कुजबुजत. मालकीणबाईंच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या. एके सकाळी त्यांनी कानसेनला व्हरांड्यात गाठले.

"काहीतरी दिसलंच पाहिजे रे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या डोळ्यांनी माणसं परत गेली तर पुढच्या वर्षी इथे तू नसशील, मी नसेन, कुणीच नसेल."

"बाई, जंगल आहे ते. माझ्या घरचं कोंबड्यांचं खुराडं नाही."

"मला माहितीय. पण पाहुण्यांना नाही ना माहीत!"

त्याच हंगामात कानसेनला धनेशाची ढोली सापडली. मित्रांनो, धनेश म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा, पंखांचा आवाज करत उडणारा पक्षी. त्याची मादी अंडी घालण्यासाठी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखल आणि विष्ठेने दार लिंपून घेते. उरते ती एक चीर, चोचीचे टोक बाहेर येईल एवढी. आत ती पिसेही गाळते, त्यामुळे तिला उडता येत नाही. बाहेरचा नर दिवसभर रानउंबराची फळे आणून त्या चिरेतून तिला भरवतो. तिचे आणि पिल्लाचे पोट सर्वस्वी त्याच्यावर असते. तो आला नाही तर दोघांची उपासमार ठरलेली. कानसेन हे पाहुण्यांना सांगे तेव्हा त्याचा आवाज हलका होई.

ढोली फार उंच नव्हती. समोर बऱ्याच अंतरावर पानांचा आडोसा केला होता. तिथे मला उभी करत आणि पाहुणे ओळीने येत. सुरुवातीला नर आपल्या मर्जीने येई. कधी सकाळी, कधी ऊन चढल्यावर. वाट पाहता पाहता पाहुणे कंटाळून निघून जात, मग तो येई. मला त्याचे हसू येई.

आणि मग एकाएकी तो वेळेवर येऊ लागला.

पाहुणे आडोशात येऊन स्थिरावले, शेवटच्याने हात मागे बांधले की पंखांचा फडफडाट होई आणि धनेश समोर हजर! टाळ्या पडत. पाहुण्यांची पुढची तुकडी आली की पुन्हा तेच, दिवसातून कितीतरी वेळा. मालकीणबाईंच्या आठ्या उतरल्या. संध्याकाळच्या चहाला पाहुणे फोटो एकमेकांना दाखवत आणि पलीकडच्या लॉजचे नावही काढत नसत. सगळे खूश होते. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

कारण मी जवळून पाहत होते. नर येई तो ढोलीकडे जातच नसे. समोरच्या सुक्या फांदीवर बसून मान फुगवी, ओरडे, पानांवर चोच आपटी. चोचीत फळ नसे. कुठूनतरी दुसऱ्या धनेशाचा आवाज येई, पण दुसरा धनेश मला कधी दिसला नाही. इकडे ढोलीच्या चिरेतून मादीच्या चोचीचे टोक बाहेर येई, थोडा वेळ हले आणि आत जाई. पहिल्या दिवसांत ते टोक जोरात बाहेर येई. पुढे पुढे ते अगदी सावकाश येऊ लागले. माझ्या भिंगात दिसत होते ते, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हते.

कुठेतरी पाणी मुरत होते. आणि ते कुठे मुरते आहे हे मला लवकरच कळले, निदान मला तसे वाटले. एका सकाळी ढोलीच्या झाडामागून कोणीतरी वाकून पळताना मला दिसले. हातात झाकलेली बादली आणि लांब बांबू. तो आमचा आचारी होता!

आता माझी खात्रीच पटली. बादली कशाला? पिल्लू घालायला. बांबू कशाला? ढोली फोडायला. दुपारची भांडी घासून झाली की तो अर्धा तास कुठे जातो, हे कोणी विचारले होते का? येताना त्याच्या चपलांना चिखल का असतो? कपाटाच्या फटीतून मी त्याची प्रत्येक हालचाल पाहू लागले. तो भाजी चिरताना शीळ घाले, त्यातही मला कट दिसे. मनातल्या मनात मी त्याला बेड्या ठोकल्या होत्या.

एके दिवशी त्यानेच विषय काढला. "दाजी, तो पक्षी रिकाम्या चोचीने येतोय. तुम्ही बघितलंत ना?"

"तू तुझी भाजी बघ," कानसेन फाडकन म्हणाला. "करपल्याचा वास येतोय."

"भाजी अजून चुलीवर चढलीच नाही, दाजी."

कानसेन मला उचलून बाहेर पडला. चोर स्वतःच चोरीची बोंब मारतो आहे, असे मी मनात म्हटले. कानसेन चिडला हे मला योग्यच वाटले. तो अलीकडे एक हात माझ्या कळीवर आणि दुसरा खिशात ठेवून उभा राहत असे. पूर्वी त्याचे दोन्ही हात माझ्यावर असत. मला वाटले, गारठा वाढला आहे, हात गार पडत असतील.

त्याच सुमारास एक दंतवैद्य आपल्या आत्याला घेऊन आले. दंतवैद्यांकडे पाटा-वरवंट्याएवढा जड कॅमेरा होता. आत्या ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारणाऱ्या. चहा ताजा आहे म्हटले, तरी कशावरून? पूल भक्कम आहे म्हटले, तरी कशावरून? मला त्या कारखान्यातल्या बाईंच्या नात्यातल्या वाटल्या.

पहिल्या सकाळी धनेश आला, ओरडला, गेला. सगळे हरखले. आत्या तेवढ्या हरखल्या नाहीत. परतताना भाच्याला म्हणाल्या, "आमचा दूधवाला आयुष्यात कधी इतका वेळेवर आला नाही."

"आत्या, निसर्गाचं घड्याळ असतं."

"असेल. पण त्याला गजर कोण लावतं?"

दुसऱ्या सकाळी आत्यांची पाळी आली तेव्हा त्यांचा डोळा माझ्यापर्यंत पोचेना. त्यांनी टाचा उंचावल्या, तोल गेला आणि त्यांनी नियम मोडून दोन्ही हातांनी माझी दांडीच धरली. माझी मान खाडकन खाली गेली. कानसेन "अहो, हात" असे म्हणतो आहे तोवर आत्यांचा डोळा माझ्यावर टेकला होता.

आम्ही दोघींनी एकदमच पाहिले. ढोलीच्या झाडाजवळ, झुडपाच्या पोटात, एक काळा गोल डबा बांधला होता. पावसाने भिजू नये म्हणून त्याच्यावर पिवळे मऊ कापड गुंडाळले होते. कापडाच्या कडेला लाल दोरा होता.

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या. "झुडपात हा डबा कसला? आणि पक्षी त्या डब्यातून ओरडतोय!"

मला दिसत होते ते मी खोटे ठरवू पाहत होते. भिंगावर धुके आले असेल, कापड दुसरे असेल. पण ते कापड मी रोज अंगावर अनुभवत होते. त्याच्या जोडीचा तुकडा या क्षणीही कानसेनच्या खांद्यावर होता. ज्या एका माणसावर मी संशय घेतला नव्हता, त्याच्या खिशातल्या हाताने तो स्पीकर वाजत होता. मला रडू आले, मित्रांनो. दुर्बिणीला रडता येत नाही, ही किती मोठी शिक्षा आहे ते त्या दिवशी कळले.

नर समोरच्या फांदीवर येऊन त्या डब्यावर धावून जात होता. आत्यांनी कानसेनकडे वळून फक्त पाहिले. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आवाज बंद केला.

"एकदाच वाजवला होता," तो म्हणाला. "पहिल्यांदा. तो लगेच आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू दिसलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा... मग थांबता आलं नाही."

तेवढ्यात झाडामागून बादली घेतलेला आचारी बाहेर आला. आता पिल्लू निघेल म्हणून मी बादलीकडे पाहिले. बादलीत पपईच्या फोडी होत्या.

"उपाशी आहे ना ती," आचारी म्हणाला. "बांबूला फोड टोचून चिरेपाशी धरतो. पण घेतच नाही. तिला नवऱ्याच्याच हातचं लागतं."

कानसेन भडकला. "तू रोज तिथे जाऊन उभा राहतोस? मग तो ढोलीवर बसणार कसा? तूच त्याला बुजवलंस!"

"मी बुजवलं? आणि तुम्ही काय, त्याला आरतीला बोलवत होतात का, दाजी?"

"दोघेही गप्प बसा," आत्या म्हणाल्या. "त्या बिचारीला तुमच्यातला कोण जास्त चुकला याच्याशी काय देणंघेणं?"

दंतवैद्य कॅमेरा सावरत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण माझा एकही फोटो नीट आलेला नाही. आजच्या दिवस फक्त एकदा वाजवा ना. उद्यापासून बंद करा."

आत्या त्यांच्याकडे वळल्या. "तुझ्या दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलाय. आणि बाहेर उभं राहून कुणीतरी ओरडतंय की हा दवाखाना माझा आहे, हिंमत असेल तर बाहेर ये. तू दाढ काढशील की बाहेर धावशील?"

"बाहेर धावेन," दंतवैद्य म्हणाले.

"आणि पेशंट?"

दंतवैद्यांनी कॅमेऱ्यावर झाकण लावले.

त्या दिवशी आडोसा मोडला. कानसेनने स्वतः तो डबा सोडवून आणला आणि मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवला. ढोलीकडे जाणारी वाट काटक्या टाकून बंद केली. मालकीणबाईंनी नदीपलीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "पाहुण्यांना काय सांगायचं ते तू सांगायचं. मी नाही सांगणार." त्या आठवड्यात दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि त्यांतली माणसे होडीने पलीकडे गेली.

मला व्हरांड्याच्या टोकाला उभे केले. तिथून झाडांच्या फटीतून ढोली नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढी दिसे. रोज सकाळी कानसेन एकटाच माझ्यामागे उभा राही. मी त्याला डोळा लावू देत होते, पण मनातून दूर झाले होते. हा आता तरी खरे पाहतो आहे, कशावरून? त्याच्या खिशांकडे माझे लक्ष असे. ते रिकामे असत. पुष्कळ सकाळी काहीच हलले नाही. चिरेतून चोचीचे टोक येत नव्हते. आचारी चहाचा कप आणून ठेवी, विचारी, "दाजी?" कानसेन मान हलवी आणि चहा तसाच गार होई.

मग एका धुक्याच्या सकाळी नर आला. लांबून, न ओरडता, चोचीत लाल फळ धरून. तो ढोलीवर बसला, मान वाकवली आणि चिरेतून टोक बाहेर आले. अगदी थोडे, पण आले. नराने फळ दिले, मग गळ्यातून आणखी एक काढून दिले. कानसेनचा डोळा माझ्यावर ओला झाला आणि मला पुढचे काही दिसेनासे झाले. व्हरांड्यात पाहुणे चहा पीत बसले होते. त्याने कुणालाही हाक मारली नाही.

हंगाम संपत आला तेव्हा मादीने आतून दार फोडले. ती हडकुळी झाली होती, नवी पिसे विरळ होती. ती फांदीवर येऊन बसली, नर तिच्या शेजारी बसला. आम्ही ढोलीच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आणखी कोणी बाहेर आले नाही. पुढे आचारी शिडी लावून वर चढला, आत पाहिले आणि खाली उतरला. ढोलीत काय होते ते त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळले.

त्यानंतर कानसेन पाहुण्यांना त्या रिकाम्या ढोलीपाशी नेऊ लागला. मला तिच्यावर रोखतो आणि सांगतो, "इथे एक पिल्लू होतं. मी पाहुण्यांना रोज पक्षी दाखवला म्हणून ते उपाशी मेलं." काही जण तोंड फिरवतात. काही जण मुलांना पुढे करतात. त्याचा आवाज अजूनही हलका होतो, पण तो पुरते सांगतो.

आता मी म्हातारी झाले आहे. कपाटातला बल्ब उडाला तो कुणी लवकर बदलला नाही, त्यामुळे माझ्या भिंगाच्या कडेला बुरशीची पांढरी जाळी धरली आहे. मला पुसायला हवे, कोरडे ठेवायला हवे, हे माणसे विसरतात. तरी मी अजून कामावर आहे.

परवा एका पाहुण्याने कानसेनला विचारले, "आज धनेश दिसेल का हो?"

"माहीत नाही," कानसेन म्हणाला.

पाहुणा नाराज झाला. सगळी सकाळ आम्ही उभे होतो आणि एकही पंख हलला नाही. पण ते दोन शब्द ऐकून इतक्या दिवसांनी माझा त्या माणसावर विश्वास बसला.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, जंगलात जाल, अशाच एखाद्या लॉजवर उतराल. तिथे कुणी हमखास दाखवतो म्हटले तर त्याला विचारा, कसे? प्राणी ठरल्या वेळी समोर आला तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या चोचीत काय आहे ते पाहा. आणि काहीच न पाहता परत यावे लागले तर रागावू नका. कुठेतरी, तुम्हाला न दिसलेल्या एखाद्या पिल्लाला त्या वेळी त्याचा बाप भरवत असेल.